आधीच वाचलेलं

शमिका ठवरे मूळची नागपूरची. बंगळूरला इंदिरानगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात मराठीत कथा लिहायची. दोन-तीन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. ऑफिसात हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण एकदा कँटीनमध्ये ती फोनवर एका संपादकांशी बोलत होती, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला मुलगा कॉफीचा कप घेऊन उठून आला.

"सॉरी हं, कान देऊन ऐकत नव्हतो, पण इथे मराठी कानावर पडलं की राहवत नाही. तू लिहितेस?"

हा अवधूत. पुण्याचा, मोठ्यानं हसणारा, बोलताना सारखे हातवारे करणारा. तोही लिहीत होता, आणि तेही कादंबरी. बिल्डरनं अर्धवट टाकून दिलेल्या सोसायटीत एकटाच राहणारा वॉचमन रोज रिकाम्या फ्लॅटांच्या बेल वाजवत हिंडतो, अशी काहीतरी ती गोष्ट होती. ती सांगण्यात त्याची कॉफी गार झाली आणि ऐकण्यात शमिकाची.

"रविवारी दुपारी मल्लेश्वरमला अण्णांकडे जमतो आम्ही. तू येच. अण्णा खोटं कौतुक अजिबात करत नाहीत. एकच वाक्य बोलतात, पण ते डोक्यातून जात नाही."

अण्णा म्हणजे दामोदर हुपरीकर. घराणं बेळगावकडचं, पण वडिलांपासून सगळे बंगळूरलाच. अण्णा एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाले होते. घर बैठं, लाल कोब्याच्या जमिनीचं, आणि बाहेरच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत जुन्या मासिकांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे. त्या गठ्ठ्यांना पाठ लावून अण्णा आरामखुर्चीत बसायचे. समोर सतरंजीवर सात-आठ माणसं. अण्णांच्या बायकोला, हेमलताबाईंना, सगळे अक्का म्हणायचे. त्या स्टीलच्या पेल्यांतून कॉफी आणून द्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायच्या. बोलायच्या नाहीत.

पहिल्याच रविवारी शमिकानं नवी कथा वाचली. एका विधवा बाईची सही बँकेत जुळत नाही. नवरा होता तोवर सही करायची वेळच आली नव्हती. मग ती रोज दुपारी आपल्याच तरुणपणीच्या सहीचा सराव करत बसते, आणि सही गिरवता गिरवता तेव्हाची ती मुलगी तिच्या बोटांत परत यायला लागते.

वाचून झालं. सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा डोळे मिटून बसले होते.

"छान आहे," ते म्हणाले. "भाषा स्वच्छ आहे तुझी. ही मी वाचलीय."

"नाही अण्णा, ही अजून कुठे छापून आली नाही."

"तुझी नाही गं. जुनी. त्यात बाई नव्हती, पेन्शनर होता. पण सही होती, बँक होती, सराव होता." त्यांनी डोळे उघडले. नजर फार मायेची होती. "चोरी केलीस असं मी म्हणत नाही हं. लहानपणी कधीतरी वाचली असशील, विसरली असशील. मन ठेवून घेतं आणि आपल्याला सांगत नाही. सगळ्यांचंच असं होतं. वाईट नको वाटून घेऊ."

ते इतक्या हळुवारपणे बोलले की शमिकानं चक्क त्यांचे आभार मानले.

घरी येऊन तिनं नागपूरला बाबांना फोन केला. बँकेतल्या सहीची अशी एखादी जुनी गोष्ट आठवते का, म्हणून विचारलं.

बाबा म्हणाले, "असेल बा. तेव्हा किती अंक यायचे आपल्याकडे. तू तर जेवतानाही वाचायचीस. का गं?"

"काही नाही."

असेल बा. या दोन शब्दांनी तिची झोप उडवली. कथा लिहिताना तिला काय काय सुचलं होतं ते तिनं आठवून पाहिलं. बाईच्या हातातलं शाई गळणारं पेन, कॅशियरचा चष्मा, गिरवताना पुटपुटणारे ओठ. हे सगळं आपण डोळ्यांसमोर पाहिलं होतं. पण पाहिलं होतं म्हणजे नेमकं कुठे पाहिलं होतं? दुसऱ्या दिवशी तिनं संपादकांना कळवलं, ती सहीची कथा घेऊ नका, मला त्यात थोडं काम करायचंय. ते काम तिनं कधीच केलं नाही.

पुढच्या कथेचंही तेच झालं, तिच्या पुढचीचंही. अण्णा कधी आवाज चढवत नसत, कधी कुणाची टर उडवत नसत. फक्त सांगत, वाचलीय. त्यात गाव वेगळं होतं. त्यात भाऊ होता, बहीण नव्हती. कुणी नाव विचारलं, लेखक विचारला, तर मागच्या गठ्ठ्यांकडे हात करत. "यातच आहे कुठेतरी. काढायला हवं एकदा." ते कधी निघत नसे, आणि विचारणाऱ्यालाही फार ताणून धरायला लाज वाटायची. शमिकाच्या हळूहळू लक्षात आलं की सतरंजीवरच्या बहुतेकांनी वाचणंच बंद केलंय. बँकेतले एक गृहस्थ दर रविवारी बसवनगुडीहून यायचे. त्यांना तिनं विचारलं, तुम्ही काय लिहिता?

"लिहायचो," ते प्रसन्नपणे म्हणाले. "आता ऐकतो. स्वल्प शांत वाटतं."

अवधूतनं मात्र कादंबरी पुरी केली. छापील प्रत करून अण्णांना दिली. अण्णांनी ती बरेच दिवस ठेवून घेतली. एका रविवारी बैठक संपल्यावर फाटकाशी उभं राहून त्यांनी ती परत केली, अवधूतच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. शमिका चपला घालत होती. तिला ऐकू आलं नाही, पण अवधूतनं मान हलवलेली तिला दिसली.

सोमवारी कँटीनमध्ये तो तिच्यासमोर येऊन बसला. "डिलीट केली."

"काय?"

"कादंबरी. लॅपटॉपवरून, ड्राइव्हवरून, सगळीकडून. अण्णा म्हणाले, वॉचमन वाचलाय." तो हसला. "खरं सांगू? हलकं वाटतंय."

ते हसणं त्याचं नव्हतं. त्यात आवाजच नव्हता.

नंतर त्याच्या वडिलांची बायपास झाली आणि तो पुण्याला जाऊन आला. वडील बरे होते. त्यानं मात्र हातवारे करणं सोडून दिलं होतं. वाक्य अर्धवट सोडून द्यायचा आणि समोरच्याकडे बघत बसायचा. शमिकानं फारच लावून धरलं तेव्हा म्हणाला, "बाबांना आत नेत होते ना, तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हटलं, बाबा, आपल्याला घरी जायचंय. आणि म्हणता म्हणता वाटलं, हे वाक्य कुठलं? कुणाचं? मी वाचलंय हे. मी हात सोडला, शमिका. ते बघत राहिले माझ्याकडे."

"अवधूत, असं सगळेच म्हणतात. तुझे बाबा होते ते."

"तेच तर. सगळेच म्हणतात." तो उठला. "ऑफिसचं बरं असतं. तिथे कुणी नवीन बोलायची अपेक्षाच करत नाही."

त्यानंतर तो तिच्याशी मराठीत बोलेनासा झाला. कामापुरतं इंग्रजी, तेही मोजकं. पण रविवार चुकवायचा नाही. आता तो सतरंजीवर बसत नसे. अण्णांच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून बसायचा.

एकदा आठवड्याच्या मधेच सुट्टी होती. अक्कांनी मागे होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, बांधून दिल्या होत्या, तो डबा परत करायला म्हणून शमिका मल्लेश्वरमला गेली. अण्णा पेन्शनरांच्या कसल्याशा सभेला गेले होते. अक्का मागच्या पडवीत अवरेकाळू, पावट्याचे दाणे, सोलत बसल्या होत्या. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा की हिरवा गर टपकन ताटलीत पडायचा. शमिकाही शेजारी बसून दाणे दाबू लागली.

"आमच्याकडे वालही असेच सोलतात," ती म्हणाली. "तुमच्या आईकडेही असायचं का हे?"

अक्कांचे हात थांबले. "असेल," त्या म्हणाल्या. "मला नक्की नाही सांगता येत."

शमिकाला वाटलं, वय झालंय. पण अक्का पुढे बोलू लागल्या. आवाज अगदी सपाट, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसा.

"लग्नाआधी मी लिहायची. बेळगावच्या अंकांत छापून यायचं. लग्न झाल्यावर पहिली गोष्ट लिहिली ती यांना दाखवली. म्हणाले, वाचलीय. दुसरी दाखवली, तेच. मग मी लिहिणं सोडलं. पण तेवढ्यावर थांबलं नाही ते. मी म्हणायची, माझी आई कढीत करवंदं घालायची. हे म्हणायचे, ते एका कथेत आहे. मी म्हणायची, आमच्या विहिरीवर मला एकदा साप चावता चावता राहिला. तेही कुठेतरी आहे. आधी भांडायची मी. मग वाटायला लागलं, असेल. यांचं वाचन केवढं." त्यांनी एक दाणा दाबला. "आता आई डोळ्यांपुढे आणायला गेले की छापलेली बाई दिसते. चेहरा नाही दिसत."

"खोटं बोलतात ते, अक्का," शमिका म्हणाली. "मुद्दाम करतात."

"खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. मी कधीच पकडलं असतं." अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "त्यांना खरंच आठवतं. जे नाही तेसुद्धा आठवतं. कथा ऐकता ऐकता पानं दिसतात त्यांना, चित्रांसकट. तू येऊ नकोस इथे. हे लागतं."

हे लागतं, म्हणजे काय, ते शमिकानं विचारलं नाही. फाटक वाजलं होतं. अक्कांनी मान खाली घातली आणि त्या परत दाणे सोलू लागल्या.

शमिकानं ठरवलं, एकदा खात्री करायची आणि मग या घराची पायरी चढायची नाही.

त्या रविवारी मेट्रो सोडून ती रिक्षानं निघाली. कागद-पेन हातात होतं. वाटेत जे दिसेल ते लिहायचं आणि तेच वाचायचं, असा तिचा बेत होता. फार शोधावं लागलं नाही. सिग्नलला रिक्षावाल्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं, मागे वळला आणि हात जोडले. मोडक्या हिंदीत म्हणाला, मॅडम, गावाकडून आईचा फोन आहे. मी हॉस्पिटलात नोकरीला आहे असं तिला वाटतं. ती नोकरी जाऊन वर्ष झालं. आज तिला माझ्या डॉक्टरीणबाईंशी बोलायचंच आहे, रोज मागे लागते. फक्त मी बरा आहे एवढं सांगा. शमिकाला कन्नड येतं ते भाजी आणण्यापुरतं. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "चेन्नागिद्दाने अम्मा." छान आहे तो. पलीकडे म्हातारी रडायलाच लागली. मग तिनं आवाज सावरून शमिकालाच विचारलं, "ऊटा आयता?" जेवलीस का, बाई? शमिकाचं जेवण झालं नव्हतं. "आयतु," ती म्हणाली. झालं. रिक्षावाला पुढचा सगळा रस्ता आरशात न बघता चालवत राहिला.

तिनं हे जसंच्या तसं लिहिलं आणि बैठकीत वाचलं. संपल्यावर सगळे अण्णांकडे वळले. अण्णांचे डोळे मिटलेले.

पण बोलला तो अवधूत. अण्णांच्या आधी. "वाचलंय," तो म्हणाला.

अण्णांनी मान डोलावली. "हो. त्यात फोन नव्हता, पत्र होतं. मुलगा गिरणीत होता."

"अण्णा, हे आत्ता घडलं," शमिका म्हणाली. "इथे येताना. शाई वाळायची आहे अजून. तो रिक्षावाला गल्लीच्या कोपऱ्यावर उभा असेल, आणू बोलावून?"

सतरंजीवर हालचाल झाली. अण्णांनी डोळे उघडले. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांच्या चेहऱ्यावर शमिकाला भीती दिसली. मोठ्या घरात एकट्या माणसाला पावलं ऐकू यावीत तशी. त्यांनी वळून अक्कांकडे पाहिलं. अक्का जमिनीकडे बघत होत्या.

मग ते नेहमीसारखं मायेनं हसले. "घडलं असेल. म्हणून काय झालं? तुझ्या बाबतीत घडायच्या आधीच ते लिहून झालं होतं."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. बसवनगुडीचे गृहस्थ तर "वा" म्हणाले.

शमिका उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. रस्त्यात तिला वाटत होतं, सुटले. आपली खात्री झाली. माणूस आजारी आहे, आणि बाकीच्यांना त्याच्या आजारात आराम वाटतो, कारण काही नवीन करायची जबाबदारीच उरत नाही. हे समजलं की संपलं, असं तिला वाटलं.

काही आठवड्यांनी तिला एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. स्वानंदी, नागपूरचीच, नुकतीच नोकरीला लागलेली. तिनं शमिकाची एक कथा दिवाळी अंकात वाचली होती. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिला अवधूत भेटला होता आणि त्यानं रविवारी अण्णांकडे बोलावलं होतं. त्याआधी एकदा शमिकाताईला कथा ऐकवायची होती.

शमिकानं तिला संपिगे रोडच्या मेट्रो स्टेशनवर गाठलं. फलाटावरच्या बाकावर बसून स्वानंदीनं तिथेच कथा वाचली. मुलगी काटकुळी, आवाज मात्र ठाम. कथेतल्या आईला अर्धांगाचा झटका येतो, तेव्हापासून ती मुलीला 'यमू' म्हणून हाक मारू लागते. यमू कोण, कुणालाच माहीत नसतं. मुलगी आधी चिडते, शोध घेते, मग थकून यमू म्हणून ओ द्यायला लागते. यमूसारखी वागायला लागते. आणि शेवटी एका सकाळी आई तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारते, तर मुलगी मागे वळून बघते, कोण आलंय म्हणून.

शमिकाच्या अंगावर काटा आला. केवढा शेवट. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात तिला एक पान दिसलं. पिवळं पडलेलं, कोपरा दुमडलेला, उजव्या बाजूला खाटेवरच्या बाईचं रेखाचित्र. अगदी स्पष्ट. वर शीर्षकाची वळणदार अक्षरं.

"वाचल्यासारखी वाटतेय मला ही," तिच्या तोंडून निघून गेलं.

स्वानंदीचा चेहरा उतरला. दोन मिनिटांपूर्वीचा ठामपणा कुठे गेला ते कळेना. शमिकाला स्वतःच्या तोंडावर मारून घ्यावंसं वाटलं. हे लागतं, असं अक्का म्हणाल्या होत्या ते हेच.

"नाही. थांब. नाही वाचली," तिनं मुलीचा हात घट्ट धरला. "ऐक माझं. मी ही कुठेच वाचली नाही. तुझी आहे ही. आणि तू अण्णांकडे जाऊ नकोस."

"का पण? अवधूतदादा म्हणाला, ते एकटेच खरं सांगतात." स्वानंदीनं हात सोडवून घेतला. "आणि ताई, तुम्हीही तर आत्ता खरं तेच बोललात ना, पहिल्यांदा?"

ती जाणारच होती. मग शमिकाही तिच्याबरोबर गेली. निदान एकटी नको पडायला, एवढाच विचार होता.

अण्णांनी शमिकाचं स्वागत केलं, काही झालंच नाही असं. स्वानंदी वाचायला बसली. आई यमू म्हणून हाक मारायला लागते, मुलगी शोध घेऊन थकते, इथपर्यंत आली आणि अण्णा पुटपुटले, "हं. ही वाचलीय."

"मी नाही वाचली," शमिका मोठ्यानं म्हणाली. त्या खोलीत असं आजवर कुणी बोललं नसावं. "आणि वाचली असेल तर शेवट सांगा, अण्णा. तिनं अजून वाचला नाही. तुम्ही आधी सांगा."

अवधूत भिंतीपासून सरळ झाला. अक्का दारातून बघत होत्या. अण्णा मुळीच गडबडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि समोर धरलेल्या पानावरून वाचावं तसं सांगितलं, "आई जाते. आवराआवर करताना मुलीला कळतं, यमू म्हणजे तिच्या आधी होऊन गेलेली तिची बहीण. असा शेवट आहे."

शमिका जिंकल्यासारखी स्वानंदीकडे वळली. "सांग त्यांना."

स्वानंदी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं हातातल्या पानांकडे पाहिलं, आणि ती पानं हळूच उलटी करून मांडीवर ठेवली.

"हो," ती म्हणाली. "असाच आहे."

"स्वानंदी!"

"असाच आहे, ताई."

कुणीतरी समाधानाचा सुस्कारा सोडला. अण्णांनी हात पुढे करून मुलीच्या डोक्यावर ठेवला. "वाईट नको वाटून घेऊ," ते म्हणाले. "सगळ्यांचंच असं होतं."

बाहेर रस्त्यावर शमिकानं तिला गाठलं. "का खोटं बोललीस? तुझा शेवट किती चांगला होता."

"मी खोटं नाही बोलले," स्वानंदी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "त्यांनी सांगितलं आणि मला माझा आठवेचना. कागदावर लिहिलेला होता, पण तो दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखा वाटला. त्यांचा खरा वाटला." तिनं पानं पिशवीत सरकवली. "मला बरं वाटतंय, ताई. सकाळपासून पोटात गोळा होता, तो गेला."

मागे फाटकाशी अवधूत तिची वाट बघत उभा होता. ती त्याच्याकडे परत गेली.

शमिका नंतर त्या घरी गेली नाही. स्वानंदी जात राहिली, असं कळलं. शमिकाच्या फोनला ती उत्तर देत नसे. शमिका सुट्टीच्या दिवशी सकाळी लिहायला बसायची. एखादं वाक्य लिहिलं की पान दिसायचं, पिवळं, दुमडलेलं. कधी ती पुढे लिहायची, कधी लॅपटॉप मिटून खिडकीशी जाऊन उभी राहायची. ते पान जात नव्हतं. आजार ओळखला म्हणजे बरा झाला असं नसतं, एवढं तिला कळून चुकलं होतं.

एक दिवस भरदुपारी घरच्या नंबरवरून अक्कांचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"शमिका? त्या मुलीच्या गोष्टीचा शेवट काय होता गं?" अक्का दबक्या आवाजात विचारत होत्या. "यांनी सांगितला तो नव्हे. तो नसणार. तिनं कागद उलटे केलेले मी पाहिले. किती दिवस डोक्यात घोळतंय. मला ती गोष्ट कुठे वाचल्याची आठवत नाही बघ. पहिल्यांदाच ऐकली मी."

"सांगते अक्का," शमिका म्हणाली. तिनं तोंड उघडलं. आई जाते. आवराआवर. होऊन गेलेली बहीण. एवढंच येत होतं. फलाटावरचा बाक आठवत होता, मुलीचा आवाज आठवत होता, अंगावर काटा आला होता तेही आठवत होतं. कशानं आला होता, ते साफ पुसलं गेलं होतं.

"आहेस ना?" अक्का म्हणाल्या.

"आहे. अक्का, मला नाही आठवत." तिनं श्वास घेतला. "पण थांबा. ठेवू नका. एक दिवस ती मुलगी आईजवळ जाऊन बसते. म्हणते, आई, मी यमू नाही. यमू बाहेर दाराशी येऊन उभी आहे. आत बोलावू का तिला?"

पान दिसत होतं. चित्रातली बाई खाटेवर पडून होती. शमिका त्याकडे बघतच बोलत राहिली.

"आई खूप वेळ दाराकडे बघते. मग म्हणते, नको. आज नको. तिला सांग, माझी लेक घरी आहे."

पलीकडे दूर, बाहेरच्या खोलीतून अण्णांची हाक ऐकू आली. "कोण आहे गं फोनवर?" आरामखुर्ची करकरली. कोब्यावरून चपलांचा आवाज फोनच्या दिशेनं येऊ लागला.

अक्कांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास शमिकाला अगदी कानाशी ऐकू येत होता.

"मग?" अक्का म्हणाल्या. "मग ती मुलगी काय करते?"